आधी जेवण, मग आरसा आणि व्यायाम सगळ्यात शेवटी

जवळजवळ अकरा वर्षं मी एकतर डाएटवर होते नाहीतर डाएट मोडल्याच्या अपराधी भावनेत होते, तिसरं काही नव्हतंच. सोमवारी सुरू, गुरुवारी मोडलं, मग रविवारपर्यंत 'आता मोडलंच आहे तर खाऊन घेऊ', आणि परत सोमवार. यातून बाहेर पडायचं ठरवलं तेव्हा सगळ्यात आधी काय केलं, तर जिम लावली. मग आरशासमोर उभं राहून 'मी सुंदर आहे' असं म्हणून बघितलं, दुसऱ्याच दिवशी स्वतःचंच हसू आलं. खाण्याचं नंतर बघू म्हणत ते शेवटावर ढकललं. म्हणजे सगळंच उलटं केलं. उपाशी माणसाला आरशात चांगलं काही दिसत नाही आणि उपाशीपोटी केलेला व्यायाम ही शिक्षाच असते, एवढं कळायला माझी दोन वर्षं फुकट गेली, ती तुमची जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय.

मी डॉक्टर नाही, डाएटिशियनही नाही. आणि माझं वजन किती होतं, किती झालं, मी किती कॅलरी खायचे हे इथे कुठेही सांगणार नाहीये, मुद्दामच. कारण मी स्वतः असे लेख वाचायचे ते त्यातले आकडे शोधायलाच, आणि मग 'ही तर माझ्यापेक्षा कमी खायची' म्हणून अजून एक वेळचं जेवण बंद.

१. आधी बघा, डॉक्टरची गरज आहे का

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून लोक थेट पुढे उडी मारतात. मारू नका.

ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी १९९९ साली पाच प्रश्नांची एक छोटी चाचणी मांडली, तिला 'स्कॉफ' म्हणतात. प्रश्न साधारण असे आहेत: पोट नको इतकं भरलं म्हणून मुद्दाम उलटी काढता का? आपण किती खातो यावरचा ताबा सुटलाय अशी काळजी वाटते का? गेल्या तीन महिन्यांत सहा किलोच्या वर वजन उतरलंय का? बाकीचे लोक बारीक म्हणत असताना तुम्हाला मात्र आपण जाडच आहोत असं वाटतं का? आणि खाण्याच्या विचारानेच सगळं आयुष्य व्यापलंय असं म्हणाल का? दोन किंवा जास्त उत्तरं 'हो' आली तर नीट तपासणी करून घ्यायची. यावरून आजार ठरत नाही, फक्त दार कुठलं ठोठवायचं ते कळतं.

याशिवाय चक्कर येत असेल, छातीत धडधडत असेल, पाळी सलग तीन महिने आली नसेल, उलट्या किंवा जुलाबाच्या गोळ्या चालू असतील तर हा लेख बाजूला ठेवा आणि अपॉइंटमेंट घ्या. वारंवार उलट्या झाल्या की रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि त्याचा थेट परिणाम हृदयाच्या ठोक्यांवर होतो, हे घरच्या घरी कळत नाही. आणि बरेच आठवडे फारच कमी खाल्लं असेल तर आपलं आपण एकदम वाढवायचं पण नाही, तसं केल्याने फॉस्फेट, पोटॅशियम अचानक घसरून जिवावर बेतू शकतं, त्यामुळे अशा वेळी खाणं वाढवायचं ते डॉक्टरांच्या नजरेखालीच. डायबिटीस, किडनीचा आजार किंवा प्रेग्नन्सी असेल तर खालचं सगळं आपल्या डॉक्टरांना विचारूनच करा.

सापळा: 'माझं वजन नॉर्मल आहे म्हणजे मला काही झालेलं नाही'. बुलिमिया (एकदम खूप खायचं आणि मग उलटी वगैरे करून ते काढून टाकायचं, असा आजार) असलेल्या कितीतरी लोकांचं वजन चार्टवर अगदी बरोबर बसतं. मला एका डॉक्टरांनी 'वजन ठीक आहे की, कशाला टेन्शन घेता' म्हणून परत पाठवलं होतं आणि मी त्याच आनंदात अजून एक वर्ष काढलं. असं झालं तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा. आणि मुलग्यांनो, पुरुषांनो, हे तुमच्यासाठीही आहे. दंड पुरेसे मोठे नाहीत म्हणून रोज टेप लावून मोजणं हाही याचाच भाऊ आहे.

डॉक्टरकडे जाताना सोबत काय न्यायचं:
- एका कागदावर गेल्या वर्षभरात वजन कसं वरखाली झालं ते, अंदाजे चालेल
- शेवटच्या पाळीच्या तारखा
- चालू असलेली सगळी औषधं, प्रोटीन पावडर, 'फॅट बर्नर' वगैरे धरून (हे लपवू नका, प्लीज)
- आठवड्यात किती व्यायाम करता ते, खरं खरं
- जुने रिपोर्ट असतील तर ते. नसतील तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२, थायरॉइड, सोडियम-पोटॅशियम आणि गरज वाटली तर ईसीजी, यातलं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील

तिथे गेल्यावर तोंडातून शब्दच फुटत नाही, म्हणून कागद. मी तर कागद नुसता पुढे सरकवला होता.

२. घरातलं सामान

फार काही लागत नाही. एक साधी वही, त्यात कॅलरी लिहायच्या नाहीत. फोनचा अलार्म. एक मोठी पिशवी, ती कपड्यांसाठी, पुढे येईल. वजनकाटा ठेवायला एक खोका. आणि एक माणूस, ज्याला 'आज खूप जड जातंय' एवढाच मेसेज टाकता येईल आणि जो त्यावर सल्ले देणार नाही. हे शेवटचं मिळायला सगळ्यात वेळ लागतो, पण त्याच्यासाठी थांबू नका, मिळेपर्यंत वहीवर भागवा.

कॅलरी मोजायचं ॲप मात्र आजच काढा. 'फक्त बघण्यापुरतं ठेवते' असं मी तीन वेळा म्हटलंय.

३. घड्याळ लावून खा

खरी सुरुवात इथे आहे आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच जाणार आहे.

नियम असा: उठल्यावर तासाभरात पहिलं खाणं, मग दर तीन ते चार तासांनी पुढचं. तीन जेवणं आणि मधे दोन-तीन छोटी खाणी. भूक असो नसो, अलार्म वाजला की खायचं. बुलिमिया आणि बिंज ईटिंगच्या (ताबा सुटून एकदम खूप खाण्याच्या) थेरपीत अगदी सुरुवातीला हेच करून घेतात. काय खायचं यावर चर्चा नंतर, आधी कधी खायचं ते ठरतं.

'पण शरीराचं ऐका म्हणतात ना?' ऐकायचंय, पण नंतर. वर्षानुवर्षं तुम्ही त्याला गप्प बसवलंय, आता ते एकतर बोलत नाही नाहीतर एकदम किंचाळतं. भुकेचं एक हार्मोन असतं घ्रेलिन, ते आपल्या रोजच्या जेवणाच्या वेळा धरून वर चढतं. वेळाच नसतील तर ते बिचारं कुणाच्या भरवशावर चढणार. थोडे आठवडे वेळा पाळल्या की भूक परत भुकेसारखी लागायला लागते, तोपर्यंत अलार्म हीच भूक समजा.

माझं रोजचं गणित असं होतं, सकाळी फक्त कॉफी, दुपारी नावापुरतं, आणि संध्याकाळी सातनंतर स्वयंपाकघरात उभ्या उभ्या डबे उघडणं. मला वाटायचं माझा संध्याकाळचा कंट्रोल वाईट आहे. संध्याकाळ बिचारी निर्दोष होती हो, घोळ सकाळचा होता.

याबद्दल एक जुना प्रयोग वाचला आणि माझ्या डोक्यातला 'विल पॉवर' नावाचा खिळा उपटला गेला. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अँसल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुण पुरुषांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं, युद्धानंतर उपाशी लोकांना परत कसं खायला घालायचं ते कळावं म्हणून. सगळे स्वखुशीने आलेले. रोजचं खाणं साधारण १,५७० कॅलरी. हा एकच आकडा मी सांगतेय आणि तो एवढ्यासाठी की आज कितीतरी डाएट चार्ट यापेक्षा कमी देतात आणि त्याला कुणी उपासमार म्हणत नाही. तर त्या मुलांना काही महिन्यांत खाण्याशिवाय दुसरं काही सुचेना. रेसिपीची पुस्तकं जमवायला लागले, ताटं चाटायला लागले, चिडचिडे झाले, एकेकटे बसायला लागले. आणि प्रयोग संपल्यावर खायला मिळालं तेव्हा पोट तुडुंब भरलं तरी त्यातल्या काहींचं समाधान होईना. आधी यातल्या कुणालाच खाण्याचा प्रॉब्लेम नव्हता. रात्री अकरा वाजता केकचे व्हिडिओ बघत बसणारी मी हे वाचून बराच वेळ गप्प बसले होते.

यातले सापळे:

अर्धं खाऊन 'खाल्लं' अशी टिक करणं. नाश्ता म्हणजे नाश्ता, दोन घास नाही.

जेवणाच्या वेळी कॉफी, चहा, पाणी पिऊन भूक मारणं. ही युक्ती आपल्याला इतकी अंगवळणी पडलेली असते की ती युक्ती आहे हेच विसरायला होतं.

आणि सगळ्यात मोठा, रात्री खूप खाल्लं म्हणून सकाळचा नाश्ता टाळणं. नाही, नाही, नाही. हे चक्र फिरवणारा दट्ट्या तोच आहे. रात्री काहीही झालेलं असो, सकाळचा अलार्म वाजला की खायचं. या लेखातलं एकच वाक्य पाळणार असाल तर हे पाळा.

पहिले दोन-तीन आठवडे पोट फुगतं, थोडं खाल्लं तरी टम्म वाटतं. कमी खायची सवय झालेलं पोट हळू रिकामं होतं म्हणून असं होतं आणि नियमित खाण्यानेच ते हळूहळू सुधारतं. मी याच टप्प्यावर दोनदा पळून गेले होते, तुम्ही सैल कपडे घाला आणि थांबा.

४. 'वाईट' पदार्थांची यादी काढा

वहीत दहा पदार्थ लिहा, जे तुम्ही 'खात नाही' आणि खाल्ले की मग थांबत नाही. सगळ्यात कमी भीतीचा वर, सगळ्यात जास्त भीतीचा खाली. आठवड्याला एक घ्यायचा, वरून सुरुवात. उपाशी असताना नाही, जेवणासोबत. पाकिटातून नाही, ताटलीत काढून, बसून. शक्यतो कुणासोबत. एकाच पदार्थाचं दोन-तीनदा झालं की तो पदार्थ इतका साधा वाटायला लागतो की थोडा अपेक्षाभंगच होतो. मला चॉकलेटच्या बाबतीत तसं झालं. वेफर्सना खूप वेळ लागला, ते अजूनही मी मोठं पाकीट आणत नाही, चालतं.

डॅनियल वेग्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा १९८७ चा प्रयोग प्रसिद्ध आहे, लोकांना सांगितलं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, तर अस्वल परत परत डोक्यात येत राहिलं, आणि नंतर मोकळीक दिल्यावर तर अजूनच जास्त. आपण आयुष्यभर दहा-दहा अस्वलं पाळतो.

'चीट डे', 'आज पाप केलं', 'गिल्ट फ्री' हे शब्द तोंडातून काढून टाका. चीट म्हणजे फसवणूक, कुणाची? ॲलर्जी असेल किंवा डॉक्टरांनी बंद केलेलं असेल ते अर्थातच वेगळं. आणि उलट्या दिशेचा सापळाही आहे, 'मी आता डाएट नाही करत, फक्त क्लीन खाते', आणि मग बाहेर कुणाकडे जेवताच येत नाही. त्यालाही नाव आहे, ऑर्थोरेक्सिया, १९९७ मध्ये स्टीव्हन ब्रॅटमन या डॉक्टरने ठेवलेलं. मी डाएट सोडल्यावर सहा महिने यातच होते आणि सगळे माझं कौतुक करत होते.

५. वजनकाटा खोक्यात

खोका माळ्यावर. लगेच जमत नसेल तर रोजच्याऐवजी आठवड्यातून एकदा, मग पंधरा दिवसांतून, मग खोका.

रोजचा आकडा चरबीचा नसतोच मुळी. शरीर साधारण चारशे-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, साठवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत अंदाजे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. म्हणजे दोन दिवस नीट खाल्लं की दीड-दोन किलो वाढ काट्यावर दिसू शकते आणि ती चरबी नसते. मीठ जास्त झालं, पाळी जवळ आली, तरी तेच. कुठल्याही 'आठवड्यात दोन किलो' डाएटची जादूही हीच, उतरलेलं बरंचसं पाणीच.

आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा. हे सूत्र १८३२ च्या सुमाराचं, बेल्जियमच्या अदोल्फ केतले या गणितज्ञाचं, जो खगोलशास्त्रज्ञही होता पण डॉक्टर नव्हता, त्याला एका माणसाची तब्येत मोजायचीच नव्हती, समाजातला सरासरी माणूस कसा असतो ते शोधायचं होतं. त्याला बीएमआय हे नाव १९७२ मध्ये मिळालं, कुणाकडून माहितीये? तेच, मिनेसोटाचे अँसल कीज आणि त्यांचे सहकारी. लोकसंख्येच्या अभ्यासाला हे माप बरं आहे, पण स्नायू किती, चरबी किती, पोटावर किती हे त्याला कळत नाही.

डॉक्टरांना वजन हवंच असेल तर काट्याकडे पाठ करून उभं राहा आणि 'मला आकडा सांगू नका' म्हणा. पहिल्यांदा विचित्र वाटतं. आणि फाइलवर लिहिलेला आकडा घरी येऊन बघायचा नाही, हा पण सापळाच आहे.

६. आरसा, कपाट, फोन

आता आरसा. 'स्वतःवर प्रेम करा' हे मला कधीच जमलं नाही आणि तेवढी गरजही पडली नाही. तटस्थ राहता आलं तरी पुष्कळ. हे माझे पाय, यांनी मी जिने चढते, संपलं.

एक दिवस फक्त मोजा: किती वेळा पोट चिमटीत धरलं, दुकानाच्या काचेत बाजूने बघितलं, मनगटाभोवती बोटं पुरतात का बघितलं, फोटो झूम केला. माझं दुपारपर्यंत बावीस झालं आणि मी मोजणं सोडून दिलं. असं तपासत राहिलं की शंका मिटत नाही, वाढते. एक सवय निवडा आणि तीच आधी अर्ध्यावर आणा. उलट, आरसाच बघायचा नाही, फोटोत मागे लपायचं, हेही बरं नाही, त्याने भीती आहे तशी राहते.

पिशवी आता काढा. 'बारीक झाल्यावर घालीन' वाले सगळे कपडे त्यात. टाकून द्यायची हिंमत नसेल तर पिशवी नजरेआड ठेवा, चालेल. आज अंगाला नीट बसतील असे दोन-तीन तरी कपडे घ्या. कमरेला दिवसभर काचणारी पँट ही दिवसभर कानात कुजबुजणारी काकू असते.

फोनवर 'आधी आणि नंतर' चे फोटो टाकणारी सगळी अकाउंट म्यूट करा, त्यात प्रेरणा देणारीही आली. बघून बघून फरक पडतो का म्हणाल तर फिजीमधल्या एका भागात १९९५ मध्ये टीव्ही आला, ॲन बेकर या अमेरिकन संशोधकांनी तेव्हा आणि परत १९९८ मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन उतरवायला मुद्दाम उलटी काढणाऱ्या मुली आधीच्या गटात एकही नव्हती, तीन वर्षांनंतरच्या गटात ११.३ टक्के होत्या. तो नुसता टीव्ही होता, खिशात मावत नव्हता.

७. व्यायाम, आता

पायरी तीन किमान दीड-दोन महिने बरी चालली असेल तरच. आणि आधी स्वतःला विचारा: याने एक ग्रॅमही वजन कमी होणार नसेल तर मी हा व्यायाम करीन का? उत्तर 'नाही' असेल तर तो व्यायाम तुमच्यासाठी नाही, दुसरा शोधा. मला पळणं मुळीच आवडत नाही हे मान्य करायला तिशी उलटावी लागली. चालणं आवडतं, पोहणं आवडतं, वजनं उचलायला तर फारच आवडतं.

किती करायचा? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आहे, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा, आणि दोन दिवस स्नायूंचा. आणि अगदीच थोडा केला तरी काहीच न करण्यापेक्षा बरा, हेही त्यात आहे. दहा हजार पावलांचं म्हणाल तर तो आकडा १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला, 'मानपोकेई', म्हणजेच दहा हजार पावलांचं मीटर. जाहिरातच ती.

हातातल्या घड्याळावरच्या 'बर्न' झालेल्या कॅलरी बंद करा. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी सात घड्याळं तपासली, कॅलरीच्या बाबतीत सगळ्यात चांगलं होतं तेही सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होतं. अशा आकड्यावर आपण रात्रीचं जेवण ठरवायचो.

व्यायाम थांबवायची लक्षणं: दुखापत असताना करणं, ताप असताना करणं, लपून करणं, चुकला तर जेवण कमी करणं, खाल्लेलं 'फेडायला' करणं. पाळी गेली तर तो फिटनेसचा पुरावा नाही, शरीराला खर्चाच्या मानाने इंधन पुरत नाहीये आणि त्यात हाडं ठिसूळ होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ पासून याला रेड-एस असं नाव दिलंय आणि ते पुरुष खेळाडूंनाही होतं.

ट्रेनरला पहिल्याच दिवशी सांगा, माझं वजन घेऊ नका, इंच मोजू नका, फोटो काढू नका. ऐकत नसेल तर ट्रेनर बदला.

८. लोक बोलणारच

तयार वाक्यं ठेवा, ऐन वेळी सुचत नाही. 'जाड झालीस गं' ला, 'हो का, बरं, तुमचं काय चाललंय?' 'अजून घेणार?' ला नुसतं 'हो.' आणि 'किती बारीक झालीस, मस्त!' हे सगळ्यात घातक, कारण ते गोड लागतं. माझ्या सगळ्यात आजारी दिवसांत मला सगळ्यात जास्त शाबासकी मिळाली. म्हणून मी आता कुणाच्याच वजनावर बोलत नाही, चांगलंही नाही.

घरातल्या लहान मुलांसमोर 'मी आज खाणार नाही, जाड झालेय' हे बंद करा, ती सगळं ऐकतात.

९. घसरलात तर

घसरणारच. मी मागच्याच महिन्यात घसरले, कामाचं टेन्शन होतं, दोन दिवस दुपारचं जेवण गेलं आणि तिसऱ्या रात्री व्हायचं तेच झालं. तेव्हा करायचं एवढंच: रात्रीच नवीन प्लॅन करायचा नाही, काट्यावर उभं राहायचं नाही, वहीत तीन ओळी, गेल्या दोन दिवसांत कुठलं खाणं चुकलं, झोप किती झाली, कोण काय बोललं. उलटी झाली असेल तर लगेच ब्रश करू नका, ॲसिडने मऊ झालेलं दातांचं आवरण घासलं जातं, नुसत्या पाण्याने खळखळून चूळ भरा. त्या माणसाला मेसेज. सकाळी अलार्मला नाश्ता. सलग दोन आठवडे असंच होत राहिलं तर परत पायरी एक.

हे सगळं एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. फ्रिजवर नको, येणारा-जाणारा वाचतो आणि मग त्याच्यावरच चर्चा सुरू होते.